घोड्यावरून आधी कोण उतरलं?

लग्नं अडायला जगात चांगली भरभक्कम कारणं आहेत. स्वभाव जुळत नाहीत, नोकरीची गावं लांब पडतात, कुणाचं तरी आधीच कुठेतरी जमलेलं असतं. पण जावईबापूंच्या मुलीचं लग्न अडलं होतं ते एका घोड्यावर. तोही सिनेमातला घोडा.

जावईबापू म्हणजे पाणीपुरवठा खात्यातले एक बऱ्यापैकी वरचे अधिकारी. ऑफिसात त्यांना सगळे साहेब म्हणत. पण राहायला होते सासऱ्यांच्याच बिल्डिंगमध्ये, सासऱ्यांच्या बरोबर डोक्यावर, चौथ्या मजल्याला. त्यामुळे वॉचमनपासून सेक्रेटरीपर्यंत समस्त बिल्डिंग त्यांना जावईबापू म्हणे. सुरुवातीला त्यांनी हरकत घेऊन पाहिली. त्यानं एवढंच झालं, की हरकत घेणारे जावईबापू म्हणून ते शेजारच्या बिल्डिंगमध्येही प्रसिद्ध झाले.

मुलीनं लग्न ठरवलं होतं ते तळमजल्यावरच्या ड्रॉइंग मास्तरांच्या नातवाशी. मुलगी दातांची डॉक्टर, नातू पुलांचे नकाशे काढणारा इंजिनियर. मुलात खोट काढायला जागा नव्हती, आणि जावईबापूंच्या बायकोनं ती मन लावून शोधली होती. अडचण होती ती दोन म्हाताऱ्यांची. जावईबापूंचे सासरे आणि ड्रॉइंग मास्तर एकाच जिन्यानं चढत-उतरत, एकाच वॉचमनला ओरडत, पण एकमेकांशी बोलत नसत. तरुणपणी दोघं जिवलग मित्र. गावातल्या एकमेव थिएटरात एक जुना इंग्रजी सिनेमा लागायचा, अमेरिकन घोडदळाचा आणि तिथल्या मूळच्या अपाची लोकांचा. एकीकडे वाळवंटात तळ टाकून बसलेली घोडदळाची तुकडी आणि तिचा ताठ मानेचा कॅप्टन, दुसरीकडे अपाचींचा म्होरक्या, त्याहून ताठ मानेचा. हा सिनेमा दोघांनी इतक्यांदा पाहिला होता, की तिकीट फाडणारा त्यांच्याकडे तिकीट मागायला लाजायचा. सासरेबुवा कॅप्टनच्या बाजूचे, म्हणून त्यांना 'कॅप्टन' हे नाव पडलं ते कायमचंच. मास्तर अपाचींच्या बाजूचे.

सिनेमाच्या शेवटी कॅप्टन आणि म्होरक्या एका घळीत एकटे समोरासमोर येतात आणि लढाई थांबवतात. प्रश्न असा, की बोलणी करायला घोड्यावरून आधी कोण उतरलं? सासरे म्हणत, म्होरक्या. मास्तर म्हणत, कॅप्टन. या प्रश्नावर एका संध्याकाळी थिएटरबाहेर आवाज चढले, मग एकमेकांच्या खानदानाचे उल्लेख झाले, आणि तेव्हापासून अबोला.

आता लग्नाची बोलणी करायची, तर कुणीतरी कुणाकडे तरी आधी जायला हवं.

"मी खाली उतरू?" सासरे म्हणाले. "त्यांच्या दारात? जावईबापू, म्होरक्या आधी उतरला होता. मास्तरांना म्हणावं, वर या."

जावईबापू तळमजल्यावर गेले.

"कॅप्टन आधी उतरला होता," मास्तर शांतपणे पेन्सिलीला टोक काढत म्हणाले. "आणि तुमच्या कॅप्टनला तर तीनच मजले उतरायचेत. लिफ्टही आहे."

जावईबापू असे आठवडाभर वर-खाली करत राहिले. शेवटी ते गुडघ्याला गरम पाण्याची पिशवी लावून बसलेले असताना बायकोनं विषय काढला.

"अहो, अख्ख्या शहराच्या फुटक्या पाइपलाइनी शोधून काढता तुम्ही. एक सिनेमा सापडत नाही? दोघांना समोर बसवा आणि दाखवा एकदाचं, कोण उतरतं ते."

बायकोनं सुचवलेली गोष्ट सोपी वाटली, की ती करू नये, असा जावईबापूंचा स्वतःचाच एक नियम होता. तो त्यांनी त्या दिवशी मोडला.

पहिली अडचण म्हणजे सिनेमाचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. मूळ इंग्रजी नाव थिएटरच्या मालकाला वाचता येईना, म्हणून त्यानं पोस्टरवर ते पुसून बायकोला आवडेल असं काहीतरी लिहिलं होतं. मुलीनं कॉम्प्युटरवर 'घोडे, अपाची, वाळवंट' असं टाकून पाहिलं, तर हजारभर सिनेमे निघाले आणि सगळ्यांत एकच डोंगर होता. शेवटी जावईबापू त्या थिएटरवरच गेले. तिथे आता सोफ्यांचं दुकान होतं. पण मालकाची बायको, म्हणजे थिएटरवाल्या काकू, मागच्या दोन खोल्यांत राहत होत्या. खणखणीत बाई. सिनेमाचे डबे त्यांनी बाल्कनीतल्या कुंड्यांखाली ठेवले होते.

"झाडांना उंची मिळते," काकू म्हणाल्या. "हा घ्या तुमचा घोड्यांचा. यावर जास्वंद आहे, ती आधी उचला. आणि मशीन मीच चालवणार. ऑपरेटर दर पावसाळ्यात पळून जायचा, तेव्हा मीच चालवायची."

"काकू, किती उपकार..."

"उपकार कसले! मला दाखवायला कुणी बोलावतं का हल्ली? कपडे कुठले घालून येऊ तेवढं सांगा."

डबे मिळाले, मशीन मिळालं, काकू मिळाल्या. जावईबापूंना वाटलं, झालं! गच्चीवर चादर लावायची, खुर्च्या टाकायच्या, की काम फत्ते. इथे मधे सेक्रेटरी आले. दर बिल्डिंगला एक सेक्रेटरी असतो आणि तो मधेच येतो.

"गच्चीवर खेळ म्हणजे सार्वजनिक कार्यक्रम," सेक्रेटरी म्हणाले. "माझी काही हरकत नाही. पण नगरपालिकेचा कागद आणा. उद्या काही झालं तर मला विचारतील. जावईबापूंना कोण विचारतंय?"

हे शेवटचं वाक्य जावईबापूंच्या जिव्हारी लागलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी रजा टाकली आणि नगरपालिकेत गेले. खिडकीत एक चष्मावाला कारकून बसला होता. अर्जात 'कार्यक्रमाचे स्वरूप' या रकान्यात जावईबापूंनी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: घोडदळ व अपाची यांच्यातील संघर्ष (जुना).

कारकुनानं ते दोनदा वाचलं.

"घोडे किती?"

"घोडे... पुष्कळ आहेत."

"पुष्कळ चालत नाही. आकडा लिहा."

"अहो, सिनेमातले आहेत ते."

"सिनेमातले असोत नाही तर सर्कशीतले. जनावर ते जनावर. आणि हे अपाची कोण?"

"लोक आहेत. एक जमात."

"स्थानिक आहेत का?"

"म्हणजे, तिथले स्थानिकच आहेत ते."

"मग त्यांची हरकत नाही ना?"

"हरकत होती," जावईबापू म्हणाले. "त्यावरच तर सिनेमा आहे."

कारकुनानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि अर्जावर तिरपा शेरा मारला: जनावरे विभागाकडे वर्ग. जावईबापूंनी त्याला नीट समजावायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं, की हा माणूस ज्या सुरात बोलतोय तो सूर आपल्या ओळखीचा आहे. "आकडा लिहा" हे वाक्य ते स्वतः खिडकीच्या आतल्या बाजूनं इतकी वर्षं म्हणत आले होते. फक्त बाहेरच्या बाजूनं ते असं ऐकू येतं, याची त्यांना कल्पना नव्हती. अर्ज तिथेच ठेवून ते घरी आले.

जनावरे विभाग तत्पर निघाला. दोनच दिवसांत एक तपासनीस मोजपट्टी घेऊन बिल्डिंगमध्ये हजर झाला आणि त्यानं वॉचमनला विचारलं, "घोडे कुठे ठेवणार आहेत?"

एवढं पुरलं. वॉचमननं पहिल्या मजल्याला सांगितलं आणि पहिल्या मजल्यानं उरलेल्या बिल्डिंगला. संध्याकाळपर्यंत जावईबापू मुलीच्या लग्नासाठी गच्चीवर घोडे बांधणार आहेत, हे सगळ्यांना माहीत झालं. माहीत नव्हतं ते फक्त जावईबापूंना. ते ऑफिसातून आले, तेव्हा लिफ्टच्या दारावर सेक्रेटरींच्या सहीची सूचना होती: लिफ्टची क्षमता सहा माणसांची आहे. घोडे जिन्याने न्यावेत.

मग सल्ले सुरू झाले. दुसऱ्या मजल्यावरच्या पेन्शनरांनी त्यांना जिन्यात गाठून सांगितलं, की घोडा जिना चढतो पण उतरत नाही, तेव्हा उतरवायचं कसं याचा विचार आधी करा. समोरच्या वहिनींनी घोड्याच्या वासानं झुरळं जातात असं ऐकलं होतं; तेव्हा एखादा घोडा तासभर त्यांच्या स्वयंपाकघरात उभा करता येईल का, असं त्यांनी संकोचून विचारलं. पाचव्या मजल्यावरच्या शिलाईवाल्या ताईंनी पिशवीभर गाजरं आणून दिली. "असू द्या," त्या म्हणाल्या. "मुकं जनावर आहे." जावईबापूंनी घोडे सिनेमातले आहेत, असं ओरडून सांगितलं. त्यावर ताईंच्या डोळ्यांत अधिकच आदर दाटला. सिनेमात काम करणारे घोडे!

तपासनिसानं गच्ची मोजली, टाकीला बोटानं वाजवून पाहिलं आणि निकाल दिला: गच्ची घोड्यांचं वजन पेलणार नाही. तळघरातलं पार्किंग चालेल. चारापाण्याची सोय आयोजकांनी करावी. आणि त्यानं शिक्का मारला.

"आता सांगू का त्यांना, की घोडे खरे नाहीत?" जावईबापूंनी बायकोला हळूच विचारलं.

"शिक्का मारलाय ना? मग गप्प बसा," बायको म्हणाली.

रविवारी दुपारी खेळ ठरला. तळघरातल्या गाड्या बाहेर काढल्या. सेक्रेटरींची गाडी सुरू होईना, म्हणून ती तिथेच राहिली आणि तिच्या बॉनेटवर तीन जणांची बैठक झाली. चादरीचा प्रश्न निघाला. पांढरी म्हणून जी चादर बायकोनं दिली, ती उजेडात पांढरी होती. अंधारात मशीनचा प्रकाश पडल्यावर तिच्यावर फिकट गुलाबी फुलांची नक्षी असल्याचं दिसलं. दुसरी आणायला वेळ नव्हता. काकू जरीकाठाची साडी नेसून मशीनमागे उभ्या होत्या. सगळी बिल्डिंग आली होती. शिलाईवाल्या ताई गाजरं घेऊन पुढच्या रांगेत होत्या.

आले नव्हते ते फक्त दोघं. सासरे तिसऱ्या मजल्याच्या दारात काठी घेऊन उभे. मास्तर आले की मी येतो. मास्तर तळमजल्याच्या दारात खुर्ची टाकून बसलेले. ते आले की मी येतो. जावईबापू जिन्याच्या मधोमध उभे राहून घामाघूम झाले. पाणीपुरवठ्यात दाब दोन्हीकडून सारखा आला, की मधला जोड फुटतो. आपण तो जोड आहोत, हे त्यांना त्या क्षणी स्वच्छ दिसलं.

शेवटी बायकोनंच पदर खोचला. तिनं वडिलांना सांगितलं, "बाबा, मास्तर केव्हाचे जाऊन बसलेत. तुमची जागा घेतील." तिसऱ्या मजल्यावरून ती तळमजल्यावर गेली आणि मास्तरांना म्हणाली, "काका, बाबा केव्हाचे जाऊन बसलेत. सुरू करायला सांगतायत." दोघंही इतक्या लगबगीनं निघाले, की तळघराच्या दारात एकमेकांवर आदळले. आत पाहतात तर एकाच रांगेत दोनच खुर्च्या रिकाम्या, शेजारी-शेजारी. दोघांनी आपापली खुर्ची वीतभर तिरकी केली आणि बसले.

काकूंनी बटण दाबलं. मशीन घरघरलं. चादरीवर वाळवंट उमटलं, आणि त्यात सगळीकडे फुलं. घोडदळ दौडत आलं. टापांचा आवाज मात्र आला नाही.

"काकू, आवाज?" जावईबापू ओरडले.

"आवाज माझ्या नवऱ्याबरोबर गेला," काकू म्हणाल्या. "चित्र आहे ना? बघा गप."

जावईबापूंनी कपाळाला हात लावला. चादरीवर कॅप्टन तोंड हलवत होता आणि तळघरात चिडीचूप. कुणीतरी जांभई दिली. तेवढ्यात अंधारातून एक करारी आवाज आला.

"शिपाईहो! पाणी संपलंय, पण हिंमत संपलेली नाही!"

सासरेबुवा बोलत होते. खुर्चीत ताठ बसून, काठी तलवारीसारखी धरून. चादरीवरचं दृश्य बदललं, अपाचींचा म्होरक्या टेकडीवर उभा राहिला, आणि शेजारच्या खुर्चीतून धीरगंभीर आवाज आला: "बाळांनो, ही वाळू आपल्या आजोबांची आहे. या शिपायांना हिचा पत्ता कुणी दिला?"

तळघरात टाळ्या पडल्या. त्यानंतर दोघं थांबलेच नाहीत. कॅप्टन बोलला की सासरे, म्होरक्या बोलला की मास्तर. दोघांच्या मधे कुणी बाई चित्रात आली, की काकू मशीनमागून तिचं बोलत. काकूंनी दुसऱ्या डब्याऐवजी तिसरा लावल्यामुळे पोटात बाण लागून मेलेला सार्जंट पुढच्या भागात हसत-हसत दाढी करताना दिसला. प्रेक्षकांनी त्याचं उभं राहून स्वागत केलं. बिल्डिंगच्या आपोआप दोन फळ्या पडल्या. ज्यांच्याकडे पाणी कमी दाबानं येतं ते वरचे मजले अपाचींच्या बाजूला, खालचे घोडदळाच्या. सेक्रेटरींनी तटस्थ राहायचा प्रयत्न केला, पण बॉनेटवर बसल्यामुळे ते घोडदळात धरले गेले.

मग एक दृश्य आलं. घोडदळ अपाचींच्या वस्तीत घुसलं. झोपड्या पेटल्या. बायका लेकरं उचलून पळत होत्या, एक म्हातारा मात्र आपल्या दारात नुसता बसून राहिला होता. सासऱ्यांचा आवाज थांबला. मास्तरही काही बोलले नाहीत. मशीनची घरघर तेवढी चालू होती.

"अगं बाई," शिलाईवाल्या ताई म्हणाल्या, "हे तर त्यांच्याच घरात शिरले!"

"हे मला आठवतच नव्हतं," सासरे पुटपुटले. कुणाला म्हणाले ते समजलं नाही. पण उत्तर शेजारूनच आलं.

"इथे तू नेहमी बाहेर जायचास. पान लावायला," मास्तर म्हणाले. "माझ्यासाठीसुद्धा आणायचास."

सासऱ्यांनी खुर्ची सरळ केली.

शेवटचा डबा लागला. जावईबापूंनी मागे वळून पाहिलं. मुलगी आणि मास्तरांचा नातू मागच्या भिंतीशी एकमेकांचे हात धरून उभे होते. तेवढ्या गर्दीतही ते त्यांना दिसलं आणि न दिसल्यासारखं करावं लागलं. आता एक जण जिंकणार, एक हरणार. हरणारा उठून जाणार. आणि मग लग्न? त्यांना पहिल्यांदाच कळलं, की हा सिनेमा दाखवणं ही अत्यंत मूर्खपणाची कल्पना होती.

घळ आली. म्होरक्या आला. कॅप्टन आला.

दोघंही चालत आले.

घोडे नव्हतेच. कॅप्टन लंगडत आला, म्होरक्या काठी टेकत. एका मोठ्या दगडाच्या सावलीत दोघं धप्पकन वाळूत बसले, जशी दमलेली माणसं बसतात तशी. कॅप्टननं पाण्याची बाटली काढली, आधी म्होरक्याला दिली. तो प्यायला आणि परत केली. बराच वेळ दोघं नुसते बसून राहिले. मग पडद्यावर इंग्रजीत 'समाप्त' आलं, एका मोठ्या गुलाबी फुलाच्या बरोबर मधे.

 सगळ्यांचे डोळे त्या दोन खुर्च्यांवर.

"घोडे कुठेत?" सासरे म्हणाले.

"तेच म्हणतोय मी," मास्तर म्हणाले. "घोडे कुठेत?"

"काकू, ही मूळ प्रत नाही!"

"काय बोलता!" काकू कडाडल्या. "माझ्या नवऱ्यानं आणली तेव्हापासून एक फूट कापलेली नाही!"

"मग आधीच कुणीतरी कापलंय," मास्तर ठामपणे म्हणाले. "मधला सगळा भाग उडवलाय. आमच्या डोळ्यांनी पाहिलेत आम्ही घोडे. काय रे, दोन घोडे होते ना?"

"होते म्हणजे? होतेच!" सासरे उठून उभे राहिले. "हा सरळसरळ अन्याय आहे. जावईबापू, एवढं सगळं केलंत आणि सिनेमा आणलात तोही बिनघोड्यांचा!"

"एक काम नीट होईल तर शपथ," मास्तर म्हणाले.

"पहिल्यापासून असेच आहेत ते," सासऱ्यांनी दुजोरा दिला. "स्वभावानं चांगले आहेत. पण असेच आहेत."

जावईबापूंना खूप काही बोलायचं होतं. नगरपालिकेबद्दल, मोजपट्टीबद्दल, गुडघ्यांबद्दल. पण सासऱ्यांनी मास्तरांच्या खांद्यावर हात टाकला होता, आणि ते त्यांना सांगत होते, की पांढरा घोडा तर अजून डोळ्यांपुढे आहे. मास्तर म्हणत होते, पांढरा म्होरक्याचा, कॅप्टनचा तपकिरी. काळ्या-पांढऱ्या सिनेमात तपकिरी घोडा कसा दिसला, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. बोलत-बोलत दोघं लिफ्टशी पोचले. कुणाच्या घरी जायचं हे कुणी ठरवलं नाही. लिफ्ट थांबेल तिथे गेले असावेत. मुलगी आणि नातू त्यांच्यामागे जिन्यानं पळाले. अर्ध्या तासानं वरून निरोप आला, की लग्न पुढच्या महिन्यात आहे आणि मूळ प्रत शोधायची जबाबदारी जावईबापूंकडे आहे.

तळघर रिकामं झालं. शिलाईवाल्या ताई गाजरं वाटून गेल्या. काकू डबे बंद करत होत्या.

"काकू," जावईबापू म्हणाले, "तेवढा शेवटचा डबा पुन्हा लावता का? धावपळीत मी काहीच धड पाहिलं नाही."

काकूंनी रीळ उलटं गुंडाळलं. जावईबापूंनी पुढच्या रांगेतली मधली खुर्ची घेतली आणि पाय लांब केले. तेवढ्यात बायको दोन कप चहा घेऊन आली आणि शेजारी बसली. चादरीवर दोन दमलेली माणसं लंगडत आली आणि फुलांत बसली.

"घोडे कुठेत हो?" बायकोनं विचारलं.

"कापले म्हणे."

बायकोनं त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी बायकोकडे. आधी तिला हसू फुटलं, मग त्यांना, आणि मग मशीनमागून काकूंना. तिघं इतकी हसली, की चहा बशीत सांडला, खुर्च्या वाजायला लागल्या आणि सिनेमा केव्हा संपला ते कुणाला कळलंच नाही. काकूंनी डोळे पुसले आणि न विचारताच डबा पुन्हा पहिल्यापासून लावला.